कोलंबो सोडून कँडीत: मिनेट डी सिल्वा यांची कारकीर्द आणि आपल्या मुलीचा प्रश्न

खानापूर तालुक्यातील एका शिक्षक पालकांनी विचारले आहे, की त्यांच्या मुलीला दुसऱ्या पीयूसीनंतर, म्हणजे बारावीनंतर, वास्तुकलेच्या शिक्षणाला जायचे आहे. परंतु घरातील वडीलधाऱ्यांचे म्हणणे असे, की गवंड्या-सुतारांकडून काम करून घेणे हे बाईमाणसाचे काम नव्हे, आणि करायचेच झाले तर पुण्यात किंवा बंगळुरात राहून करावे लागेल, बेळगाव-खानापुरात तिला कोण विचारणार? या व्यवसायात सुरुवातीला उतरलेल्या स्त्रिया कोण होत्या, त्यांनी काम कसे उभे केले आणि त्यातले आपल्या भागाला काय लागू पडते, हे त्यांना जाणून घ्यायचे आहे. मी स्वतः तीस वर्षांहून अधिक काळ बेळगावात हाच व्यवसाय करते, त्यामुळे उत्तर थोडे लांबले आहे, त्याबद्दल क्षमस्व.

पहिली कोण, हा भाग लवकर आटपता येतो. भारतात वास्तुकलेची पदविका घेणारी पहिली स्त्री म्हणून पेरीन जमशेदजी मिस्त्री यांचे नाव घेतले जाते. त्यांचा जन्म १९१३ चा. शालेय शिक्षणाचा काही काळ पाचगणीत आणि पुढचा इंग्लंडमध्ये गेला आणि १९३६ मध्ये मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून त्या पदविका घेऊन बाहेर पडल्या. वडील याच व्यवसायात होते. त्यांच्याच फर्ममध्ये पेरीनबाई भागीदार झाल्या आणि जवळपास अर्धे शतक तेथे काम करीत राहिल्या. त्यांचे कर्तृत्व मोठेच आहे. पण घरातच कार्यालय, वडिलांची पुण्याई आणि मुंबईसारखे शहर, एवढे पाठबळ आपल्या मुलीपाशी नाही. म्हणून मी तिला दुसऱ्या एका बाईंविषयी सांगेन, ज्या याच पेरीनबाईंच्या फर्ममध्ये उमेदवारीला आल्या होत्या आणि पुढे राजधानी सोडून आपल्या डोंगरातल्या गावी कार्यालय थाटून बसल्या.

मिनेट डी सिल्वा यांचा जन्म १ फेब्रुवारी १९१८ रोजी श्रीलंकेतील, म्हणजे तेव्हाच्या सिलोनमधील, कँडी येथे झाला. कँडी समुद्रसपाटीपासून सुमारे ५०० मीटर उंचीवर, चारी बाजूंनी डोंगर, भरपूर पाऊस आणि लाल माती. जांबोटीच्या बाजूने वर येणाऱ्या माणसाला ते गाव परके वाटणार नाही. वडील जॉर्ज डी सिल्वा हे वकील आणि सिलोन नॅशनल काँग्रेसचे पुढारी; आई अ‍ॅग्नेस स्त्रियांच्या मताधिकारासाठी झटणाऱ्या कार्यकर्त्या. सिलोनमध्ये १९३१ मध्येच स्त्री-पुरुष सर्वांना मताधिकार मिळाला, त्या चळवळीत या माउलीचा हात होता. अशा घरातही मुलीने वास्तुविशारद व्हायचे म्हटल्यावर वडिलांनी नकारच दिला होता, हे आपल्या वडीलधाऱ्यांच्या कानावर अवश्य घालावे. राजकारणात पुढारलेला माणूस घरात तितका पुढारलेला असतोच असे नाही.

सिलोनमध्ये तेव्हा या शिक्षणाची सोय नव्हती, म्हणून त्या मुंबईस आल्या. आधी मिस्त्री आणि भेदवार यांच्या कार्यालयात उमेदवारी, त्याच्या जोडीला जी. बी. म्हात्रे आणि इतरांनी चालवलेले खासगी वर्ग, आणि मग जे. जे. मध्ये प्रवेश, असा त्यांचा मार्ग होता. म्हात्रे हे नाव आपल्याकडे फारसे कोणाला ठाऊक नसते. मुंबईतल्या आर्ट डेको इमारतींमधील गोलाईचे सज्जे आणि आडव्या पट्ट्या पाहताना ज्यांची आठवण व्हावी, अशांपैकी ते एक. मुंबईतच इंग्रजी कादंबरीकार मुल्कराज आनंद यांच्या वर्तुळात मिनेट वावरू लागल्या आणि १९४६ मध्ये ‘मार्ग’ हे कलाविषयक नियतकालिक निघाले, तेव्हा त्या आणि त्यांच्या भगिनी अनिल या दोघीही त्याच्या उभारणीत होत्या. मधल्या काळात १९४२ चे आंदोलन पेटले. गांधीजींच्या सुटकेसाठी निघालेल्या मोर्चात मिनेट सामील झाल्या, माफीचे पत्र लिहून देण्यास त्यांनी नकार दिला आणि जे. जे. मधून त्यांचे नाव कमी झाले. पदविका अर्धवटच राहिली.

येथे आपल्या राज्याचा संबंध येतो. जे. जे. सुटल्यावर त्या बंगळुरास गेल्या आणि ओटो कोनिग्सबर्गर यांच्या हाताखाली काम करू लागल्या. कोनिग्सबर्गर हे जर्मनीतून परागंदा झालेले वास्तुविशारद. १९३९ पासून म्हैसूर संस्थानाचे मुख्य वास्तुविशारद. (बेळगाव त्या वेळी मुंबई इलाख्यात होते, त्यामुळे बंगळूर हे आपल्या आजोबांच्या दृष्टीने परराज्यच.) जमशेदपूरच्या पोलाद नगरीसाठी कारखान्यात आधीच भाग तयार करून जोडायच्या घरांचे काम तेथे चालू होते. उन्हाची दिशा, वाऱ्याचा ओघ आणि पावसाचा मारा मोजूनमापून घर मांडायचे, ही कोनिग्सबर्गर यांची शिस्त. पुढे मिनेट यांच्या प्रत्येक घरात ही शिस्त दिसते. कॉलेजने दार लावले, ते कार्यालयाने उघडले, असे मला वाटते.

महायुद्ध संपताना त्या लंडनला गेल्या. आर्किटेक्चरल असोसिएशनच्या शाळेत शिकून १९४८ मध्ये रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ ब्रिटिश आर्किटेक्ट्सच्या सहयोगी सदस्य म्हणून निवडून आल्या. आशियातील स्त्रीला हा मान पहिल्यांदाच मिळत होता. १९४७ मध्ये ब्रिजवॉटर येथे आधुनिक वास्तुविशारदांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तेथेही त्या होत्या आणि फ्रान्समधील ख्यातनाम वास्तुविशारद ल कॉर्बुझिए यांच्याशी जुळलेली त्यांची मैत्री पुढे पत्रांतून टिकली. पोलंडमधील परिषदेत पिकासोबरोबर साडी नेसून उभ्या असलेल्या मिनेट यांचे १९४८ चे छायाचित्र अजूनही जागोजागी छापले जाते. मला त्याचा थोडा राग येतो, कारण बहुतेक लेखांची मजल त्या छायाचित्रापाशीच संपते आणि त्यांच्या घरांपर्यंत कोणी जात नाही.

लंडनमध्ये इतक्या ओळखी झालेली तिशीची बाई कोठेही राहू शकली असती. सिलोन १९४८ मध्ये स्वतंत्र झाले आणि त्या परत आल्या, त्याही कोलंबोत न थांबता कँडीत, आईवडिलांच्या घरात कार्यालय मांडून. हाताशी भांडवल नाही, मदतनीस नाहीत, आणि गावाने आजवर बाई वास्तुविशारद पाहिलेली नाही.

पहिले काम वडिलांच्या स्नेह्यांचे, करुणारत्ने दांपत्याचे घर, १९४९ ते १९५१. जागा डोंगराच्या उतारावरची. आपल्याकडे असा प्लॉट हाती आला, की पहिल्या दिवशी जेसीबी बोलावून डोंगर कापतात, सपाट पट्टी काढतात, आणि तिसऱ्या पावसाळ्यात मागची दरड स्वयंपाकघरात येते. मिनेट यांनी उतार तसाच ठेवून घर अर्ध्या-अर्ध्या मजल्यांनी पायऱ्यांसारखे उतरवले. सांगाडा काँक्रीटचा, म्हणजे त्या काळाच्या मानाने अगदी नवा, परंतु त्यात भरलेले सामान गावातले: स्थानिक दगड, लाकूड, कारागिरांकडून नक्षी उठवून भाजून घेतलेल्या मातीच्या फरश्या आणि दारांच्या तावदानांच्या जागी डुंबरा चटया. कँडीजवळच्या डुंबरा खोऱ्यात वंशपरंपरेने चटया विणणारी घराणी आहेत. आपल्याकडच्या घायपातीसारख्या वनस्पतीचा वाख काढून, तो रंगवून मागावर भौमितिक नक्षीत विणतात. त्या चटया भिंतीवर टांगायच्या किंवा जमिनीवर अंथरायच्या होत्या. मिनेट यांनी त्यांना घराच्या बांधणीचा भाग केले. दिवाणखान्यात जॉर्ज कीट या चित्रकाराचे भित्तिचित्र होते. या पद्धतीला त्यांनी स्वतः आधुनिक प्रादेशिक वास्तुकला म्हटले होते, तेही पन्नाशीच्या दशकाच्या आरंभी. पाश्चात्त्य समीक्षकांनी अशाच विचाराला ‘चिकित्सक प्रादेशिकता’ असे भारदस्त नाव दिले ते १९८० नंतर.

कारागिराला घराच्या बांधणीत आणणे म्हणजे नेमके काय, हे मला स्वतः ठेच लागल्यावर कळले. खानापूरची माती आणि कौले प्रसिद्ध. ग्रामीण कुंभारकामाची केंद्रीय संस्थाही तेथेच आहे. व्यवसायाच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षी एका घराच्या सोप्यासाठी मी एका कुंभारमामांकडून पिंपळपानाची नक्षी उठवलेल्या फरश्या करून घ्यायचे ठरवले. मी नकाशात फरशी आठ इंचांची दाखवली आणि साचाही आठ इंचांचाच सुताराकडून करून आणला. मामांनी साचा हातात घेऊन उलटापालटा केला, माझ्याकडे पाहिले, पण शिकलेल्या बाईला कसे सांगावे म्हणून गप्प बसले. भट्टी उघडली तेव्हा फरश्या सव्वासात इंचांच्या आसपास होत्या, आणि ज्यांच्यावर नक्षी जाड होती त्या कोपऱ्यांत उचलल्या गेल्या होत्या. माती वाळताना आणि भाजताना मिळून दहा टक्क्यांच्या आसपास आवळते, ही गोष्ट मामांना लहानपणापासून ठाऊक होती आणि मला पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात कोणी सांगितली नव्हती. दुसऱ्या खेपेस साचा पावणेनऊच्या थोडा वर गेला, फरशीच्या पाठीला तीन खाचा आल्या म्हणजे जाडी सारखी राहून सिमेंटही धरून बसेल, आणि वाळवण उघड्या वाऱ्यातून उचलून गोणपाटाखाली सावलीत गेले. या तिन्ही सुधारणा मामांच्या. सोप्यातल्या त्या फरश्या आज रोज पुसून गुळगुळीत झाल्या आहेत.

म्हणून मिनेट यांच्या कामाविषयी वाचताना मला त्या चटया सुंदर वाटतात, त्याहून अधिक त्यांच्यामागचे खेटे दिसतात. विणकराकडे जाऊन दाराचे माप समजावायचे, दमट हवेत वाख सैलावतो हे त्याच्याकडून ऐकून घ्यायचे, मग सुताराला चौकटीची पट्टी बदलायला लावायची. हे काम पत्राने होत नाही आणि दुसऱ्या शहरात बसून तर मुळीच होत नाही. त्या कोलंबोत राहिल्या असत्या तर घरे कदाचित जास्त मिळाली असती. ही घरे मात्र झाली नसती.

कोलंबोत त्यांनी १९५२ ते १९५६ या काळात पिअरिस कुटुंबाचे घर बांधले, ते मात्र सपाट जागेवर. तेथे खांबांवर घर उचलून तळमजला मोकळा सोडला आहे, म्हणजे बाग घराखालून आत येते आणि जुन्या सिंहली घरांतला मधला चौक, त्यांच्या भाषेत ‘मिदुल’, नव्या रूपात पुन्हा भेटतो. खांबांवरचे घर ही कल्पना ल कॉर्बुझिए यांची खरी, परंतु चौकाशी तिची गाठ घालणे मिनेट यांचे. आपल्या जुन्या वाड्यांतला चौक आपण स्लॅब टाकून बंद केला, त्यावर कधी तरी वेगळे लिहीन.

माझ्या मते त्यांचे सर्वांत मोठे काम वाटापुलुवा येथील वसाहत होय. १९५५ ते १९५८ या वर्षांत कँडीत सरकारी नोकरांसाठी २०० हून अधिक घरे बांधायची होती. निरनिराळ्या धर्मांची, निरनिराळ्या पगारांची कुटुंबे. मिनेट यांनी आधी प्रश्नावली काढली, लोकांना भेटून स्वयंपाक कोठे करता, म्हातारी माणसे कोठे निजतात, पाहुणा आला की त्याला कोठवर येऊ देता, असे विचारले आणि त्या उत्तरांवरून घरांचे काही नमुने तयार केले. प्रत्येकाने आपल्या गरजेनुसार नमुना निवडायचा, त्यात फेरफार सुचवायचे, ऐपतीप्रमाणे बांधकामात स्वतःही हात लावायचा. आज लोकसहभाग हा शब्द प्रत्येक सरकारी निविदेत असतो. त्या काळी वसाहत म्हणजे एकच नकाशा दोनशे वेळा छापणे, अशीच सर्वत्र रीत होती.

आता वडीलधाऱ्यांच्या शंकेकडे येते, कारण ती खोटी नाही. मिनेट यांना ठेकेदार, सरकारी खाती आणि कामे देणारी मंडळी यांच्या अविश्वासाला आयुष्यभर तोंड द्यावे लागले. बाई म्हणून आपल्याला कोणी गांभीर्याने घेतले नाही, ही खंत त्यांनी उतारवयात उघड बोलून दाखवली. माझाही अनुभव फार वेगळा नाही. पहिल्या वर्षी मी परांचीवर चढून ओळंबा लावीत असताना खालून मालकांनी गवंड्याला विचारले होते, ‘साहेब कधी यायचेत?’ गवंडी कन्नडिग होता, वयाने वडिलांसारखा. त्याने थापी खाली ठेवून, वर बोट दाखवून सांगितले, ‘इवरे साहेब,’ म्हणजे याच साहेब. भिंत एका वितीत अर्धा इंच कलली आहे हे मी त्याला तासाभरापूर्वी दाखवले होते आणि त्याने ती मुकाट्याने उतरवली होती. साइटवरच्या माणसांचा विश्वास बसायला एक ओळंबा पुरतो. कार्यालयात खुर्चीवर बसलेल्यांचा बसायला अनेक वर्षे लागतात. उलटे असेल, अशी माझी सुरुवातीला समजूत होती.

मिनेट यांच्या कारकिर्दीतील दुसरी बाजूही लपवू नये. त्यांच्या कार्यालयाला धंद्याची घडी कधी नीट बसली नाही. पैशांची ओढाताण कायमची. १९६२ मध्ये आई गेल्यावर त्या खचल्या, कामे कमी झाली, प्रवास वाढला. याच सुमारास श्रीलंकेचेच वास्तुविशारद जेफ्री बावा यांचा उदय झाला. बावा आधी वकील. वास्तुविशारद म्हणून त्यांनी पात्रता मिळवली १९५७ मध्ये, म्हणजे करुणारत्ने यांचे घर उभे राहून सहा वर्षे झाल्यावर. बावा थोर होते, यात मला तिळमात्र शंका नाही. परंतु उष्ण कटिबंधातली आधुनिक वास्तुकला म्हटले की त्यांच्यापासून गोष्ट सुरू करायची, ही रीत चुकीची आहे. बावा यांच्याभोवती भागीदार, सहकारी, कार्यालय चालवणारी माणसे होती. मिनेट बहुतांशी एकट्या होत्या. या दोन कारकिर्दींतला फरक प्रतिभेपेक्षा येथे अधिक आहे, असे माझे मत आहे.

सत्तरच्या दशकात त्या लंडनमध्ये राहिल्या आणि वास्तुकलेच्या इतिहासाच्या एका नामांकित इंग्रजी ग्रंथासाठी दक्षिण आशियाचा भाग लिहिला. १९७५ ते १९७९ त्या हाँगकाँग विद्यापीठात शिकवीत होत्या. आशियातल्या मुलांना आशियातली वास्तुकला युरोपाच्या शेपटाला न बांधता शिकवावी, हा त्यांचा तेथला आग्रह. परतल्यावर कँडीत पारंपरिक कलांसाठी कलाकेंद्र उभारले. १९९६ मध्ये श्रीलंकेच्या वास्तुविशारद संस्थेने त्यांना सुवर्णपदक दिले. २४ नोव्हेंबर १९९८ रोजी कँडीतच, हलाखीत, त्यांचे निधन झाले. त्यांच्या कित्येक इमारती तोवर मोडकळीस आल्या होत्या किंवा पाडल्या गेल्या होत्या.

यातले आपल्या मुलीला लागू काय? बेळगावात राहून हा व्यवसाय होतो, याचा पुरावा माझ्यासह येथील अनेक कार्यालये आहेत, आणि आता कायद्याची बाजूही स्पष्ट आहे: १९७२ च्या वास्तुविशारद कायद्याप्रमाणे कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी असेल तोच स्वतःला आर्किटेक्ट म्हणवू शकतो, मग ती बाई असो वा पुरुष. पीयूसीला गणित आणि भौतिकशास्त्र हवे, नाटा ही वास्तुकलेची प्रवेश परीक्षा द्यावी लागते आणि अभ्यासक्रम पाच वर्षांचा असतो. विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ तर आपल्याच गावात आहे. शिक्षणासाठी घर सोडावे लागेलच असे नाही. तरीही मी म्हणेन, की पदवीनंतर दोन वर्षे तरी तिला बाहेर, शक्यतो एखाद्या शिस्तीच्या मोठ्या कार्यालयात काढू द्यावीत. मिनेट यांना जसे बंगळूर उपयोगी पडले तसे. आणि परत येताना एकटीने येऊ नये. हिशेब, करारपत्रे, बिलांची वसुली सांभाळणारा भागीदार किंवा भागीदारीण बरोबर असावी. नकाशे उत्तम काढणारी आणि बिले मागायला लाजणारी माणसे आमच्या धंद्यात खूप आहेत.

परीक्षेची तयारी चालू असताना सुट्टीत तिला कुंभाराच्या, सुताराच्या किंवा बुरुडाच्या अंगणात महिनाभर बसवावे. खानापुरात यासाठी लांब जावे लागत नाही. बसून नुसते पाहायचे नाही, साच्यात माती स्वतः थापायची. आणखी एक, विचारले नाहीत तरी सांगते: तिचे कन्नड परीक्षेपुरते असेल तर ते बोलण्यापुरते करून घ्यावे. माझ्या साइटवर आज गवंडी कन्नड बोलतात, सुतार मराठी, आणि फरशी बसवणारे हिंदी. ‘उतार न्हाणीकडे नको, मोरीकडे दे’ एवढे वाक्य ज्याला त्याला त्याच्या भाषेत, सिमेंट ओले असतानाच सांगता आले पाहिजे.